मऊ नळीला हवेचा आधार

घरात कोणी जोरजोरात घोरू लागले की बाकीची माणसे म्हणतात, "काय गाढ झोप लागलीय बघा!" घोरणे म्हणजे सुखाच्या झोपेची खूण, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ती किती महागात पडू शकते हे आम्हांला आमच्या एका सहकाऱ्यामुळे कळले.

हे गृहस्थ बारामतीत राहतात आणि इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. सणसर, लासुर्णे, अंथुर्णे या रस्त्याने रोज मोटारसायकलवरून जातात-येतात. वय अठ्ठेचाळीस, अंगाने थोडे स्थूल, मान आखूड. शिक्षकांच्या बैठकीत त्यांना हमखास डुलकी लागे. मुले त्यांची नक्कल करीत आणि खरे सांगायचे तर आम्हीही थट्टा करीत असू. एका हिवाळ्यात, साखर कारखान्यांचा हंगाम भरात असताना, संध्याकाळी घरी परतताना गाडीवरच त्यांचा डोळा लागला. समोर उसाने भरलेली ट्रॉली होती. त्यांना जाग आली तेव्हा ते रस्त्याकडेच्या चारीत पडलेले होते. मनगटाच्या हाडावर निभावले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "रात्री झोप होत नाही का?" ते म्हणाले, "आठ तास झोपतो. पाठ टेकली की घोरायला लागतो." सोबत आलेल्या वहिनी मात्र म्हणाल्या, "घोरतात, मग एकदम गप्प होतात. इतका वेळ गप्प, की मी उठून श्वास चालू आहे का ते बघते. मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेतात आणि पुन्हा घोरणे सुरू." निदानाचा अर्धा भाग वहिनींच्या या बोलण्यातच होता.

या आजाराला 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' म्हणतात. ॲप्निया या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ श्वास नसणे. आपण त्याला 'झोपेतील श्वासरोध' म्हणू. त्यावर चांगले उपाय आहेत. ते कसे काम करतात हे समजण्यासाठी मात्र आधी थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागेल, आणि ते आपल्या भागातल्या कोणत्याही विहिरीवर शिकता येते.

सक्शनचा पाइप टणक का असतो?

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात किंवा उजनीच्या फुगवट्याकाठी शेतावर पंप बसवताना आपण सर्वांनी पाहिला आहे. पंपाला दोन पाइप असतात. विहिरीतून पाणी वर ओढणारा तो सक्शनचा आणि शेताकडे पाणी ढकलणारा तो डिलिव्हरीचा. डिलिव्हरीला कापडासारखा मऊ, गुंडाळून ठेवता येणारा पाइप चालतो. रिकामा असताना तो चपटा पडलेला असतो आणि पाणी सुटले की फुगून गोल होतो. हाच मऊ पाइप सक्शनला लावला तर काय होईल? पंप सुरू होताच त्याच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतील आणि पाणी येणार नाही. सक्शनच्या पाइपमध्ये आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी झालेला असतो, त्यामुळे बाहेरची हवा त्याला चेपते. म्हणून सक्शनचा पाइप जाड आणि टणक घ्यावा लागतो, किंवा त्याच्या भिंतीत मळसूत्री कडे घातलेले असते.

आपला श्वास घेणे हे सक्शनच आहे. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली सरकतो, छाती रुंदावते, आतला दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा आत येते. निसर्गाने या पाइपाचा खालचा भाग टणक केला आहे. श्वासनलिकेला कूर्चेच्या, इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या कड्या असतात. गळ्याच्या खालच्या भागावर हलके बोट फिरवले तर त्या हाताला लागतात. मात्र नाकाच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतचा टापू, म्हणजे टाळूचा मऊ भाग, पडजीभ आणि जिभेचे मूळ जिथे आहे तो घसा, याला अशा कड्या नाहीत. याच वाटेने घास गिळायचा असतो आणि याच वाटेत बोलण्याच्या आवाजाला आकार द्यायचा असतो. कड्या घालून ती टणक केली असती तर ही दोन्ही कामे जमली नसती.

हा मऊ टापू उघडा ठेवण्याचे काम स्नायू करतात. जिभेला पुढे ओढून धरणारा स्नायू त्यांत महत्त्वाचा. जागेपणी प्रत्येक श्वासाच्या किंचित आधी हे स्नायू ताणले जातात. आपल्याला त्याची जाणीवही नसते.

झोपेत काय घडते?

झोप लागली की सगळ्या शरीराचे स्नायू सैलावतात, घशाचेही. ज्यांची वाट मुळात ऐसपैस असते त्यांचे काही बिघडत नाही. पण मानेभोवती आणि जिभेत चरबी साठलेली असेल, खालचा जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल वाढलेले असतील, तर वाट आधीच अरुंद असते. त्यात माणूस उताणा झोपला की जीभ स्वतःच्या वजनाने मागे येते. अरुंद वाटेतून हवा जोराने जाऊ लागते, मऊ टाळू आणि पडजीभ फडफडू लागतात. हेच घोरणे. वाऱ्यावर फडफडणाऱ्या ताडपत्रीसारखा तो आवाज आहे.

वाट आणखी अरुंद झाली तर सक्शनमुळे भिंती चिकटतात. आवाज थांबतो, कारण आता हवाच जात नाही. छाती आणि पोट मात्र श्वास ओढण्याची धडपड करीतच असतात. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. मेंदूला इशारा मिळतो आणि तो झोपलेल्याला काही क्षणांपुरता जागा करतो. स्नायू ताणले जातात, वाट उघडते, फुर्रकन मोठा श्वास येतो. पुन्हा डोळा लागतो, पुन्हा स्नायू सैल, पुन्हा तेच.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक श्वासरोध मोजतात. कधी तो अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त टिकतो. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला तर तेही वेगळे मोजतात. या दोन्हींची दर तासाची सरासरी म्हणजे आजाराचे माप. प्रौढांमध्ये तासाला ५ पेक्षा कमी असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा अधिक तीव्र. वर्गात हे गणित घालण्यासारखे आहे. तासाला ३० वेळा आणि झोप ७ तासांची, म्हणजे रात्रीत २१० वेळा श्वास अडला. माणूस जवळजवळ तितक्याच वेळा अर्धवट जागा झाला आणि सकाळी त्यातले त्याला बहुधा काहीच आठवत नाही. आठ तास अंथरुणावर पडूनही त्याची झोप झालेली नसते.

याचे परिणाम दिवसा दिसतात. सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे पडलेले असते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, बसल्या जागी डुलकी येते. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते. दर रात्री शेकडो वेळा ऑक्सिजन उतरणे आणि मेंदूने धोक्याची घंटा वाजवणे याचा ताण हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर पडतो. उच्च रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी या आजाराचा संबंध आढळला आहे. या आजाराच्या वाहनचालकांना अपघाताचा धोका इतरांच्या सुमारे अडीच पट असतो, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. गाळपाच्या हंगामात रात्रभर ट्रॉली ओढणारा चालक, एमआयडीसीत पाळ्या बदलून काम करणारा कामगार किंवा रात्रीच्या विजेवर पाणी धरणारा शेतकरी दिवसा पेंगतो, कारण त्याला झोप मिळालेलीच नसते. त्याला औषध झोपेचे, म्हणजे झोपू देण्याचे. श्वासरोधाच्या रुग्णाला झोप मिळते, पण तिचे तुकडे झालेले असतात. अर्थात एकाच माणसाला दोन्ही त्रास असू शकतात, आणि तो पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणजवळ पहाटे गाडी चालवीत असेल तर धोका त्याच्यापुरता राहत नाही.

हा आजार किती जणांना?

हा श्रीमंत देशांतल्या लठ्ठ माणसांचा आजार आहे, असे अनेकांना वाटते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा तो अभ्यास होता. त्यांच्यापैकी अंदाजे १९.५ टक्के जणांमध्ये झोपेतील श्वास तासाला ५ किंवा अधिक वेळा अडत होता आणि ७.५ टक्के जणांना त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. दिल्लीच्या एम्स संस्थेतील संशोधकांनी भारतातील अशा अभ्यासांचा एकत्र विचार करून २०२३ मध्ये अंदाज मांडला. त्यानुसार कामाच्या वयातील सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार असावा आणि त्यांपैकी ४ कोटी ७० लाखांना तो मध्यम किंवा तीव्र असावा.

आशियाई लोकांच्या चेहऱ्याच्या हाडांची ठेवण अशी असते की कमी वजनावरही घशाची वाट अरुंद होऊ शकते. त्यामुळे सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही हा आजार असू शकतो. पुरुषांत तो अधिक आढळतो, पण पाळी बंद झाल्यावर स्त्रियांतही त्याचे प्रमाण वाढते. त्यांची तक्रार अनेकदा घोरण्याची नसते, तर थकव्याची, डोकेदुखीची किंवा झोप न लागण्याची असते, त्यामुळे ती दुर्लक्षित राहते. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले. त्याचे कारण सांगताना डॉक्टरांनी या आजाराचा उल्लेख केला, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक घरांत हे नाव पहिल्यांदा ऐकले गेले.

निदान कसे होते?

पहिली पायरी प्रश्नांची. जोरात घोरता का? दिवसा थकवा वाटतो का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? याखेरीज वजन, वय, मानेचा घेर आणि स्त्री की पुरुष हेही विचारात घेतात. मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर डॉक्टर अधिक सावध होतात. यातले बरेचसे आपण घरीच ताडून पाहू शकतो. झोपलेल्या माणसाचे घोरणे आणि थांबणे मोबाइलवर दोन-चार मिनिटे टिपून डॉक्टरांना दाखवले तर त्यांना मदत होते.

पक्के निदान मात्र झोपेच्या तपासणीनेच होते. पूर्ण तपासणीत रुग्ण रात्रभर प्रयोगशाळेत झोपतो. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची आणि हनुवटीच्या स्नायूंची हालचाल, नाकातून जाणारी हवा, छाती व पोटाची धडपड, हृदयाचे ठोके आणि बोटाला लावलेल्या चिमट्यातून ऑक्सिजन, असे सगळे एकाच वेळी नोंदले जाते. छाती हलते आहे पण नाकातून हवा जात नाही, असे दिसले की अडथळा घशात आहे हे कळते. छातीही हलत नसेल तर श्वासाची आज्ञाच मेंदूकडून आलेली नाही; तो वेगळा प्रकार, त्याचे उपचारही वेगळे. आता घरी नेऊन झोपताना लावता येईल असे छोटे यंत्रही मिळते. ज्यांच्यात आजाराची दाट शंका आहे अशा प्रौढांना ते पुरते. सुरुवात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करावी. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा मोठ्या रुग्णालयातील कान-नाक-घसा किंवा छातीच्या विकारांचे तज्ज्ञ पुढची वाट दाखवू शकतात.

सक्शनवर उपाय: आतून दाब

वर पाहिलेला पाइप मनात ठेवला तर सर्व उपचार आपोआप समजतात. मऊ पाइप चिकटू नये यासाठी काय करता येईल? तो टाळून दुसरी वाट काढता येईल. त्याच्यावरचा भार कमी करता येईल. त्याच्या भिंती पुढे ओढून धरता येतील. नाहीतर आतूनच दाब देऊन तो फुगवून ठेवता येईल.

सुरुवातीला पहिला मार्ग सुचला. १९६९ मध्ये जर्मनीत अशा रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून थेट श्वासनलिकेत हवा जाण्याची सोय करण्यात आली. मऊ टापू पूर्ण टाळल्यामुळे त्रास थांबला, पण कायम गळ्यात छिद्र घेऊन कोण राहील?

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी चौथा मार्ग निवडला. १९८० मध्ये त्यांच्यासमोर एक तीव्र आजाराचा रुग्ण होता. तो गळ्याला छिद्र पाडून घ्यायला तयार नव्हता. सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर घेतली, तिची हवा नळीने नाकावरच्या मुखवट्यात सोडली आणि रुग्णाला झोपवले. रुग्ण रात्रभर न अडखळता झोपला. पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर स्तंभाइतक्या दाबाने प्रत्येकाचा घसा रात्रभर उघडा राहिला होता.

हा दाब किती? पाण्याच्या दहा सेंटिमीटर स्तंभाचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे शंभरावा भाग. एवढ्याशा दाबाने काम होते, कारण घसा चेपणारे बलही तितकेच लहान असते. श्वास आत ओढतानाही घशातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो. सक्शनचा पाइप जणू डिलिव्हरीचा होतो आणि मऊ असूनही गोल राहतो. या यंत्राला 'सीपॅप' म्हणतात. त्यातून ऑक्सिजन येतो असा अनेकांचा गैरसमज असतो. त्यातून येते ती खोलीतलीच, गाळलेली हवा. आजच्या यंत्रांचा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटरपर्यंत ठेवता येतो. काही यंत्रे गरजेप्रमाणे तो स्वतःच कमी-जास्त करतात. कोणाला किती दाब लागेल हे डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याचे यंत्र आणून लावू नये.

यंत्र घरी आले, पुढे?

आमच्या सहकाऱ्यांचा आकडा तासाला ४२ निघाला. सीपॅप घरी आले. किंमत काही दहा-हजारांत गेली, त्यामुळे घरात थोडी कुरकुर झाली. पहिल्या रात्री एक गंमत घडली. घोरणे एकदम बंद झाले आणि त्या शांततेनेच वहिनींना झोप लागेना. दोनदा उठून त्यांनी श्वास चालू असल्याची खात्री केली.

पहिल्या आठवड्यात मात्र ते वैतागले होते. नाक कोरडे पडे, मुखवट्याच्या कडेने हवा डोळ्यांवर येई, मध्यरात्री नकळत मुखवटा काढून टाकला जाई. बहुतेक रुग्ण यंत्र सोडतात ते इथेच. या अडचणींवर उत्तरे आहेत. वेगळ्या मापाचा मुखवटा घ्यावा, हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी यंत्राला जोडावी, नाक चोंदत असेल तर त्यावर आधी उपचार करावेत, दिवसा टीव्ही पाहताना मुखवटा लावून सवय करावी. मुखवटा आणि नळी नियमित धुऊन सावलीत वाळवावी. आपल्याकडची खास अडचण म्हणजे रात्री जाणारी वीज. वीज गेली की यंत्र थांबते आणि माणसाला जाग येते. घरचा इन्व्हर्टर यंत्राला सहज पुरतो. पाणी तापवण्याची सोय बंद ठेवली तर विजेची आणखी बचत होते. वस्तीवर राहणाऱ्यांनी यंत्र घेतानाच बॅटरीवर चालण्याची सोय विचारून घ्यावी.

सीपॅपने घसा बरा होत नाही, हेही नीट समजून घ्यावे. ते चष्म्यासारखे आहे, घातले तेवढा वेळच उपयोग. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले, श्वासरोध असलेले २,७१७ रुग्ण घेतले होते. भारतातील केंद्रेही त्यात होती. सीपॅप दिलेल्यांचे घोरणे आणि दिवसाची झोप कमी झाली, मन प्रसन्न झाले, पण नवे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नाहीत. यंत्राचा वापर मात्र सरासरी रात्री ३.३ तास एवढाच झाला होता. वापर जास्त झाला असता तर निकाल वेगळा लागला असता का, यावर तज्ज्ञांत अजून चर्चा चालू आहे. दिवसाची झोप आणि तिच्यामुळे होणारे अपघात टळणे हा फायदा मात्र निश्चित आहे.

इतर उपाय

वजन जास्त असेल तर ते कमी करणे हा मुळावरचा उपाय. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे लोकांना वर्षानुवर्षे तपासून केलेल्या अभ्यासात वजन १० टक्क्यांनी घटले तर श्वासरोध सुमारे २६ टक्क्यांनी घटतो आणि १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो, असे दिसले. अलीकडे वजन घटवणारी इंजेक्शने आली आहेत. त्यांतील टिरझेपटाइड या औषधाला स्थूल व्यक्तींमधील मध्यम ते तीव्र श्वासरोधासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतातही आले. ते महाग आहे, त्याचे दुष्परिणाम आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घेऊ नये.

काहींचा श्वास फक्त उताणे झोपल्यावर अडतो. त्यांना कुशीवर झोपणे पुरते. बंडीच्या पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती आहे. उताणे होताच चेंडू टोचतो आणि माणूस कूस बदलतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. म्हणून घोरणाऱ्याने 'झोप नीट व्हावी' म्हणून त्या घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

सौम्य किंवा मध्यम आजारात दातांवर बसवायचे एक साधन दंतवैद्य बनवून देतात. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरते. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि वाट रुंदावते. सीपॅप न सोसणाऱ्यांनाही ते उपयोगी पडते. शस्त्रक्रियेने टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ आटोपशीर करता येते, जबड्याची हाडे पुढे सरकवता येतात. टाळूची शस्त्रक्रिया सर्वांनाच लागू पडत नाही, म्हणून अडथळा नेमका कुठे आहे हे पाहून ती ठरवतात. जिभेच्या मज्जातंतूला प्रत्येक श्वासासोबत हलका विद्युत संदेश देणाऱ्या, छातीत बसवायच्या यंत्राला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. जागेपणी स्नायू जे काम करतात तेच ते झोपेत करवून घेते.

एक उपाय ऐकून आपल्याला कौतुक वाटेल. जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम श्वासरोध असलेल्या ३० जणांवर केलेला प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सहा महिने नियमित शंख फुंकायला सांगितले, बाकीच्यांना दीर्घश्वसन. शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि तासाला चार-पाच श्वासरोधही घटले. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका छोट्या प्रयोगात डिजरिडू हे ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचे फुंकवाद्य वाजवणाऱ्यांतही सुधारणा दिसली होती. फुंकण्याने घशाचे स्नायू बळकट होत असावेत, ही कल्पना पटण्यासारखी आहे. पण तीस माणसे म्हणजे फार थोडी, आणि तासाला चाळीस वेळा श्वास अडणाऱ्याचे चार-पाच कमी होऊन भागत नाही. 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणून यंत्र काढून टाकणे चुकीचे, आणि 'शंखाने काय होणार' म्हणून हसणेही चुकीचे. प्रयोग मोठा करून पाहणे, हे विज्ञानाचे उत्तर.

वर्गातील पेंगणारे मूल

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग हा. शंभरात साधारण एक ते पाच मुलांना श्वासरोधाचा त्रास असतो. मुलांत मुख्य कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी हे असते. असे मूल तोंड उघडे ठेवून श्वास घेते, रात्री घोरते, झोपेत घामाघूम होते, अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगेलच असे नाही. पुष्कळदा ते उलट चळवळे, चिडके आणि लक्ष न लागणारे होते. आपण त्याला व्रात्य ठरवून मोकळे होतो.

अशा मुलांचे टॉन्सिल व ॲडेनॉइड काढून काय फरक पडतो, हे पाहणारा प्रयोग अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली, नुसती देखरेख ठेवलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. वागणूक आणि जीवनमान सुधारले, मात्र लक्ष देण्याच्या चाचण्यांत मोठा फरक दिसला नाही. जवळजवळ निम्मी मुले शस्त्रक्रियेविनाही सुधारली, हेही त्यातून कळते. म्हणून निर्णय डॉक्टरांवर सोडावा. आपले काम ओळखण्याचे आणि पालकांशी बोलण्याचे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीसाठी येते. त्यातील डॉक्टरांना अशा मुलाबद्दल मुद्दाम सांगावे. दात आणि डोळे तपासताना झोपेबद्दल कोणी सहसा विचारत नाही.

वर्गात करून पाहा

१. मुले ज्याला 'पेप्सी' म्हणतात त्या बर्फकांडीची रिकामी प्लॅस्टिक नळी धुऊन दोन्ही तोंडे कापून घ्या. एका टोकात स्ट्रॉ घालून चिकटपट्टीने हवाबंद करा. स्ट्रॉमधून हवा ओढा: नळी चिकटते. फुंका: उघडते. ओढणे म्हणजे श्वासरोधाचा घसा, फुंकणे म्हणजे सीपॅप.

२. कागदाचे दोन कपटे तोंडासमोर दोन बोटांच्या अंतरावर उभे धरून त्यांच्यामधून जोराने फुंका. ते दूर जाण्याऐवजी जवळ येतात आणि फडफडतात. घोरणाऱ्या घशात असेच होते.

३. पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन स्ट्रॉचे टोक पृष्ठभागाखाली बरोबर १० सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत हळूच फुंका. तेव्हा तुमच्या तोंडात जो दाब असतो तोच बहुतेक सीपॅप यंत्रांचा. पाण्यात बुडवलेल्या नळीचीच युक्ती वापरून अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही श्वासाचा आधार देतात, हे मुलांना अवश्य सांगा.

आमचे सहकारी आता बैठकीत जागे असतात. गाडी चालवायला त्यांना भीती वाटत नाही. तरी आदल्या रात्री वीज गेली असेल तर ते एसटीने येतात. त्यांची थट्टा केल्याचे आम्हांला अजून वाईट वाटते. पेंगणाऱ्या माणसाला, मग तो वर्गातला विद्यार्थी असो, ट्रॅक्टरचा चालक असो की शेजारच्या खुर्चीतला शिक्षक असो, आळशी म्हणण्याआधी एवढे विचारावे: रात्री घोरता का, आणि मध्येच गप्प होता का? याचे उत्तर त्याला स्वतःला माहीत नसते. ते त्याच्या घरच्यांना विचारावे लागते.